इथेनॉल प्लँटमध्ये आरटीडीचं हेड: वॉटरप्रूफ चालतंय का एफएलपीच पाहिजे?

मळीवाला_मोहोळ

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इन्स्ट्रुमेंट विभाग बघतो. गळीत संपलं की ओव्हरहॉलिंग सुरू होतं, आणि यंदा यादीतली सगळ्यात वादाची ओळ आहे आरटीडी-थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) हेडं, म्हणजे तारा जोडायच्या डब्या, बदलणे. रेक्टिफायर कॉलम, मॉलेक्युलर सिव्हची व्हेपर लाइन, रिसीव्हर, इथेनॉलच्या साठवण टाक्या, सगळीकडची जुनी हेडं गंजलीत. काहींची झाकणं हातानं फिरत नाहीत, काहींना झाकणंच नाहीत.

स्टोअरनं तीन कोटेशनं मागवली. दोघांनी एफएलपी (फ्लेमप्रूफ, म्हणजे आतला भडका बाहेर पोचू न देणारं) हेड दिलंय, कागदपत्रांसह. तिसरा म्हणतो, "साहेब, आयपी ६७ देतो. पाण्यात बुडवलं तरी थेंब आत जाणार नाही, मग गॅस कुठनं जाणार?" भाव साधारण एक तृतीयांश. आमच्या खरेदी अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की आत आहेत चार स्क्रू आणि दोन-तीन तारा, सिग्नल मिलिव्होल्टचा, मग पेटण्यासारखं आहेच काय त्यात? एफएलपी पाहिजे हे मलाही ठाऊक आहे, पण का पाहिजे ते नोटशीटवर चार ओळींत लिहायला बसलो की गाडी अडते. जाणकारांनी बोलावं.

वेशीवरचा

पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

ग्लँडमास्तर

मळीवाले साहेब, तिसरं कोटेशन बाजूला ठेवा, पण त्या माणसावर चिडू नका. बाजारात निम्मे लोक हेच बोलतात आणि मनापासून बोलतात.

आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी नुकसान करण्याइतकं पाणी शिरत नाही. ही चाचणी नव्याकोऱ्या नमुन्यावर होते. तुमच्या कॉलमवरचं हेड मात्र दिवसा तापतं, रात्री निवतं. निवलं की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओढून घेते. गास्केटच्या फटीतून घेते, ग्लँडमधून (केबल आत शिरते त्या नटातून) घेते, केबलच्या पोटातूनही घेते. बाहेर इथेनॉलची वाफ असेल तर तीच आत जाणार. हवेत ३.३ टक्के वाफ झाली की मिश्रण पेटण्याजोगं होतं, ते थेट १९ टक्क्यांपर्यंत. आणि शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास, म्हणजे सोलापुरात ते बारा महिने वाफ सोडायला तयार.

एफएलपी हेड गॅस अडवायला बनवलेलंच नसतं. गॅस आत येणार, कधीतरी ठिणगी पडणार, आतल्या आत भडका उडणार, हे धरूनच त्याची भिंत जाड केलेली असते. पेटलेला वायू बाहेर पडतो तो झाकणाच्या आट्यांमधून. त्या लांब, अरुंद वाटेत तो एवढा गार होतो की बाहेरची वाफ पेटवायची ताकद त्याच्यात उरत नाही. म्हणून झाकणाचे निदान पाच आटे पूर्ण धरलेले पाहिजेत, आणि आट्यांवर रंग नको, खड्डा नको, गंज नको. दोन आटे फिरवून "नंतर घट्ट करू" म्हणून सोडलेलं एफएलपी हेड आणि पत्र्याचा डबा, मला तरी दोन्ही सारखेच.

चिपाड

मास्तर, मग आमच्याकडं निम्मे पत्र्याचे डबेच हायत की ओ!

चिंचोळीची_ताई

मास्तरांना अनुमोदन. पण खरेदी अधिकाऱ्यांना एवढ्यात वेड्यात काढू नका, त्यांचा प्रश्न अर्धा बरोबर आहे. (मी चिंचोळी एमआयडीसीत औषधाच्या प्लँटमध्ये आहे. टोल्युइन, मिथेनॉल, आयपीए रोजचंच.)

थर्मोकपल आणि आरटीडी स्वतः फारशी ऊर्जा तयारही करत नाहीत आणि साठवतही नाहीत. आयईसी ६००७९-११ मध्ये "साधं उपकरण" असा एक वर्गच आहे. स्वतःहून ऊर्जा देणाऱ्या वस्तूला १.५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि २५ मिलिवॅट ही मर्यादा. थर्मोकपल त्यात आरामात बसतं. तेव्हा "मिलिव्होल्टनं काय पेटणार" हे सेन्सरपुरतं खरं.

गडबड तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती तार पॅनलमध्ये जाते आणि पॅनलमध्ये २३० व्होल्टही असतात. कुणी चुकीच्या टर्मिनलवर तार लावली, कार्ड जळालं, ट्रेमध्ये पॉवर केबलचं इन्शुलेशन सोललं, की तोच दाब तुमच्या हेडच्या चार स्क्रूंवर येऊन बसतो. ते होऊ नये म्हणून सेफ एरियात (जिथं ज्वलनशील वाफ नसते) बॅरिअर किंवा आयसोलेटर लावायचा. बिघाड झाला तरी तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे व्होल्टेज-करंट पुढे जाऊ देत नाही. असं सर्किट (यालाच इन्ट्रिन्सिकली सेफ, थोडक्यात आयएस म्हणतात) नीट केलं, कागदावर मांडलं, की फील्डमध्ये साधं, मजबूत हेड लावता येतं, एफएलपी लागत नाही.

म्हणजे मळीवाले, स्वस्त हेड चालेल का याचं उत्तर हेडमध्ये नाही, तुमच्या पॅनलमध्ये आहे. बॅरिअर आहेत का?

मळीवाला_मोहोळ

ताई, नाहीत. आरटीडीच्या तारा सरळ पीएलसीच्या (प्लँट चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कार्डात जातात. आणि साठवण टाक्यांवर हेडमध्येच ४-२० मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर (रीडिंगचा करंट करून पाठवणारे) आहेत.

चिंचोळीची_ताई

मग प्रश्नच मिटला, सध्याच्या स्थितीत वॉटरप्रूफ हेड नको. ट्रान्समीटर तर "साध्या उपकरणात" मोडतच नाही, त्याला २४ व्होल्टचा पुरवठा आहे आणि आत कपॅसिटर आहेत. त्याला स्वतःचं सर्टिफिकेट लागतं. आणि पुढे कधी बॅरिअर लावलेत तर त्याच्या प्लेटवरचे यूआय, आयआय हे आकडे बॅरिअरच्या यूओ, आयओशी ताडून बघा. बॅरिअर जास्तीत जास्त जेवढं सोडू शकतो तेवढं ट्रान्समीटरला सोसलं पाहिजे, शिवाय केबलची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्सही बेरजेत धरायची. लांब केबलवर हीच बेरीज चुकते.

ग्लँडमास्तर

ताई, पुस्तकात सगळं बरोबर आहे. पण कारखान्यात बॅरिअर लावून देतो कोण आणि पुढं सांभाळतो कोण? झेनर बॅरिअरला एक ओहमच्या आतलं अर्थिंग पाहिजे. आपल्याकडं एप्रिल उजाडला की अर्थपिट खडखडीत वाळतात, पाणी घालायला माणूस विसरतो. एफएलपी बसवलं, झाकण आवळलं, काम झालं. लोखंडाला आठवण करून द्यावी लागत नाही.

चिंचोळीची_ताई

मास्तर, तो एक ओहम मातीचा नाही. बॅरिअरच्या बसबारपासून प्लँटच्या मुख्य अर्थ पॉइंटपर्यंतच्या तारेचा आहे. पिट वाळला तर तो वेगळा, गंभीरच प्रश्न, पण या हिशोबात तो येत नाही. आणि एवढंही नको असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घ्या, त्याला तसलं अर्थिंग लागतच नाही. जंक्शन शीथला (बाहेरच्या धातूच्या नळीला) टेकलेलं थर्मोकपल असेल तर तेच बरं, नाहीतर अर्थ दोन ठिकाणी होतो आणि रीडिंग नाचायला लागतं.

सांभाळायचं म्हणाल तर उलटं आहे. एफएलपी हेड चालू सर्किटवर उघडताच येत नाही, झाकणावरच लिहिलेलं असतं. एका आरटीडीचा ओहम बघायचा तरी सप्लाय बंद करा, गॅस टेस्ट करा, परमिट काढा. आमच्याकडे आयएस सर्किटचं हेड प्लँट चालू असताना उघडता येतं, मीटरही आयएस वापरला की झालं.

ग्लँडमास्तर

तारेचा, बरोबर. ते मान्य. बाकी मुद्द्यावर मी एफएलपीवालाच राहणार.

वेशीवरचा

धागा पेटला. बॅरिअर आहे का कुणाकडं?

पाकणीकर

वेशीवरचे, पेटण्यावर विनोद नको राव, आम्ही तेलाच्या डेपोशेजारी राहतो.

मळीवाल्यांनी नोटशीटला एक ओळ हवी म्हटलंय, ही घ्या. २९ ऑक्टोबर २००९, जयपूरजवळ सीतापुरा इथला तेल डेपो. पेट्रोल गळालं, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि पेटला. ११ माणसं गेली, टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. नंतर एम. बी. लाल समितीनं ठिणगीचे जे संशयित धरले त्यात एक होतं ऑफिसच्या इमारतीतलं साधं, फ्लेमप्रूफ नसलेलं विद्युत उपकरण आणि दुसरं म्हणजे कुणीतरी सुरू केलेली गाडी. ढग एवढा मोठा असला की त्याला टाकीवरचंच हेड लागतं असं नाही, हेही त्यातनं दिसतं.

जुना_फिटर

अवांतर, पण या "कमी करंटनं काय होतंय" प्रश्नाचं मूळ फार जुनं आहे. १४ ऑक्टोबर १९१३, वेल्समधली सेंघेनिड कोळसा खाण. स्फोटात ४३९ खाणकामगार आणि एक बचाव करणारा, असे ४४० गेले. संशय कशावर? खाणीत गाड्यांना इशारा द्यायला उघड्या दोन तारा टाकलेल्या होत्या. त्या एकमेकींना टेकवल्या की घंटा वाजायची. बॅटरी किरकोळ. पण घंटेच्या कॉइलमध्ये ऊर्जा साठते आणि तार सुटताना ठिणगी पडते. ठिणगीत किती ऊर्जा असली तर मिथेन पेटतो याचा अभ्यास त्या काळच्या खाणींच्या घंटांवरूनच जोरात सुरू झाला. आजचा तुमचा आयएस बॅरिअर त्याच घंटेचा नातू.

चिपाड

घंटा! (हलके घ्या)

मे_महिना

सगळे गॅसवर बोलताय, उन्हावर कुणीच बोलत नाही, आणि हे सोलापूर आहे.

एफएलपी हेडच्या प्लेटवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ते उपकरण उणे २० ते अधिक ४० अंश सभोवतालच्या तापमानासाठी पास झालेलं असतं. चाळीस! मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला सर्रास जातो, तोही सावलीतला. टाकीच्या छपरावर, भर उन्हात, काळ्या रंगाचं अॅल्युमिनियमचं हेड किती तापत असेल? खाली गरम लाइन असेल तर ती उष्णता वेगळीच. तेव्हा ऑर्डरमध्ये सभोवतालचं तापमान ६० पर्यंत असं लिहून घ्या, आणि माल आला की प्लेटवर "टीए" पुढं तो आकडा कोरलाय का ते बघून मगच उतरवून घ्या. कोटेशनमध्ये ६० आणि प्लेटवर काहीच नाही, असा माल मी परत पाठवलाय.

नवा_ट्रेनी

मग सरळ टी ६ चं हेड घेतलं की झालं ना? सगळ्यात भारी तेच असतं असं कॉलेजात शिकवलंय.

मे_महिना

टी ६ म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग ८५ अंशांच्या वर जाणार नाही, टी ४ म्हणजे १३५, टी ३ म्हणजे २००, टी २ म्हणजे ३००. इथेनॉल आपोआप पेटायला साडेतीनशेच्या वर अंश लागतात, म्हणजे टी २ नेही भागतं. टी ४ घेतलंत तर भरपूर झालं. आणि १७० अंशांच्या स्टीम लाइनवर टी ६ ची प्लेट लावून काय उपयोग? थर्मोवेल आणि फ्लँजच १७० वर आहेत, ते काही प्लेट वाचत नाहीत. तिथं खरा प्रश्न हेडपर्यंत उष्णता किती चढते हा असतो. हेड आणि पाइप यांच्यामधली मान लांब ठेवायची. इन्शुलेशनवाले पुष्कळदा लोकर हेडपर्यंत गुंडाळून टाकतात, मान गाडली जाते आणि हेड शिजतं. त्यांना तिथं उभं राहून सांगावं लागतं.

ग्लँडमास्तर

मानेवरून आठवलं. निपल-युनियन-निपल लावतात ना, त्यातून उघड्या तारा जात असतील तर तो तुकडाही एफएलपी डब्याचाच भाग झाला. युनियनसुद्धा एफएलपीच लागतं. प्लंबिंगच्या दुकानातलं युनियन तिथं बसवलेलं मी पाहिलंय, वर सुंदर चांदीचा रंग.

बार्शी_लाइट

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, आता प्रत्यक्षात काय असतं ते सांगतो. मी ठेकेदाराकडं ऑडिटला जातो. गाव-कारखाना विचारू नका.

एका टाकीवरचं हेड. बाहेरून एकदम झकास, प्लेट, नंबर, सगळं. झाकण उघडलं. हेडची एंट्री अर्धा इंच एनपीटी, ग्लँड आलेला एम २० (आट्यांची दोन वेगळी मापं). बसत नाही, मग काय केलं? टेफ्लॉन टेपचे वेढे मारमारून ग्लँड दामटला. कसाबसा दीड आटा धरलेला, बाकी टेप, आणि वरून एम-सील थापलेलं. दुसऱ्या एंट्रीत पॅकिंगमधून येतं ते लाल प्लास्टिकचं बूच तसंच. उन्हानं त्याला तडा गेलेला. आत भडका उडाला असता तर ते बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं असतं आणि मागोमाग ज्वाळा. महागडं हेड घेऊन वीस-तीस रुपयांच्या बुचानं घालवलं.

शेजारच्या हेडला तर बूचही नव्हतं. तिथं कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं.

चिपाड

माशीकडं पीईएसओचं सर्टिफिकेट होतं का बे?

बार्शी_लाइट

तिचं काम ग्लँडवाल्यापेक्षा सफाईदार होतं एवढं सांगतो.

नवा_ट्रेनी

बार्शी सर, अर्धा इंच एनपीटी आणि एम २० नुसतं बघून ओळखायचं कसं? मला दोन्ही सारखेच दिसतात.

ग्लँडमास्तर

एम २० चे आटे सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच व्यास, दोन आट्यांत दीड मिलिमीटर. एनपीटी निमुळता असतो, अंतर १.८ च्या आसपास, आणि बाहेरचा व्यास २१ च्या पुढं. थ्रेड गेज खिशात ठेव, कमी किमतीत आयुष्यभर पुरतं. एम २० चा ग्लँड अर्धा इंच एनपीटीत दोन आटे जातो आणि मग डुगडुगतो. डुगडुगला की थांबायचं. टेप काढायचा नाही, दुसरा ग्लँड मागवायचा किंवा सर्टिफिकेट असलेला अडॅप्टर घ्यायचा. एफएलपीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप नाहीच. गंजू नये म्हणून न सुकणारं ग्रीस चालतं.

चिंचोळीची_ताई

ग्रीसबद्दल एक भर. जवळ गॅस डिटेक्टर कॅटॅलिटिक मण्यांचे असतील तर सिलिकॉनचं ग्रीस टाळा. सिलिकॉनच्या वाफेनं तो मणी निकामी होतो, आणि डिटेक्टर शून्य दाखवत शांत बसतो. हेड सुरक्षित करता करता डिटेक्टर मारला असं व्हायला नको.

चादरवाला

आमच्या यंत्रमागवाल्यांचा विषय कुणी काढेल म्हणून वाट बघत होतो. आमच्याकडं गॅस नाही, पण कापसाचा तूस सगळीकडं. अक्कलकोट रोडला शेडमध्ये उभं राहा, संध्याकाळी भुवया पांढऱ्या होतात. सायझिंगच्या सिलिंडरला आणि ड्रायरला थर्मोकपल आहेत. तिथं हे एफएलपी लागतं का?

मे_महिना

चादरवाले, धुळीचा वेगळा गट आहे. गॅसचा दुसरा, धुळीचा तिसरा. त्यात थ्री-ए म्हणजे उडते तंतू, तुमचा तूस. थ्री-बी म्हणजे वीज न वाहणारी धूळ, साखरेची पूड त्यात येते. थ्री-सी म्हणजे वीज वाहणारी, धातूची वगैरे. गॅससाठी पास झालेलं एफएलपी हेड धुळीला आपोआप चालतं असं नाही, प्लेटवर धुळीचं वेगळं मार्किंग लागतं. आणि तुमच्याकडं खरी भीती ठिणगीपेक्षा थराची. हेडवर तूस साचतो, उष्णता कोंडते आणि तो आतून धुमसायला लागतो. पाच मिलिमीटरचा थर ज्या तापमानाला पेटतो त्याच्या ७५ अंश खाली पृष्ठभाग राहिला पाहिजे असा नियम आहे. थर त्याहून जाड होऊ द्यायचा नाही. झाडू मारणाऱ्या बाईंचं काम इथं इन्स्ट्रुमेंटवाल्याच्या कामाइतकंच महत्त्वाचं.

मात्र कॉम्प्रेस्ड एअरनं उडवू नका, थराचा ढग होतो.

मळीवाला_मोहोळ

साखरेच्या पुडीचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या गोदामाच्या एलेव्हेटरला बेअरिंग टेंपरेचरचे आरटीडी आहेत. ते तर कुणी यादीतच धरलेले नाहीत.

पाकणीकर

धरा. ७ फेब्रुवारी २००८, अमेरिकेत जॉर्जियातला पोर्ट वेंटवर्थचा साखर शुद्धीकरण कारखाना. १४ कामगार गेले. सायलोखालचा कन्व्हेअर बेल्ट नुकताच पत्र्यानं बंदिस्त केला होता, आत पूड साचली. तपास यंत्रणेनं बहुधा तापलेल्या बेअरिंगनं पेट घेतला असं म्हटलं. पहिल्या स्फोटानं इमारतभर साचलेली पूड उडाली आणि मग एकामागून एक. म्हणजे ज्या बेअरिंगवर तुमचा आरटीडी बसवलाय तो नेमका तिथंच पाहिजे होता.

वेशीवरचा

वाखू साठवली. मस्करी सोडून एक विचारतो. मी किरकोळ व्यापारी, दुकानात हेडं ठेवतो. गिऱ्हाईक "एटेक्स आहे का" विचारतं. एटेक्स असलं की भारतात चालतं ना?

बार्शी_लाइट

नाही. एटेक्स हे युरोपाचं, आता २०१४/३४ क्रमांकाचा निर्देश. भारतात ज्वलनशील वातावरणासाठी पीईएसओची (केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा खात्याची) मान्यता लागते, मुख्यालय नागपूरला. जुने लोक अजून "एक्सप्लोझिव्हवाले" म्हणतात. चाचणी धनबादच्या सीआयएमएफआरसारख्या प्रयोगशाळेत होते, आणि मानकं आता आयएस/आयईसी ६००७९ मालिकेतली. जुन्या प्लेटांवर आयएस २१४८ दिसेल.

मान्यतेचा कागद बघताना फक्त नंबर बघू नका. त्यातलं मॉडेल आणि हातातलं मॉडेल एकच आहे का, गॅस ग्रुप कोणता, शेवटी काही अटी लिहिल्यात का, हे वाचा. सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी "एक्स" असेल तर वापरायच्या खास अटी आहेत असं समजा. तिथंच "प्लास्टिकचा भाग ओल्या फडक्यानं पुसावा, स्थिर विजेचा धोका" असलं महत्त्वाचं काहीतरी असतं आणि तिथंच वाचणाऱ्याचा कंटाळा सुरू होतो.

चिंचोळीची_ताई

गॅस ग्रुपबद्दल (टू-ए सगळ्यात सौम्य, टू-सी सगळ्यात कडक) मळीवाल्यांसाठी: इथेनॉल टू-ए आणि टू-बीच्या सीमेवर आहे, जुन्या आणि नव्या तक्त्यांत वेगवेगळं सापडेल. वाद न घालता टू-बी मागवा. टू-सी हायड्रोजन-अॅसिटिलीनसाठी, तुम्हाला गरज नाही. स्पेंट वॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) बायोगॅसला टू-ए पुरतं, पण तिथं हायड्रोजन सल्फाइडनं तांब्याची टर्मिनलं काळी पडतात आणि अॅल्युमिनियमही फार टिकत नाही. परवडलं तर स्टेनलेसचं हेड घ्या.

मळीवाला_मोहोळ

मंडळी, मनापासून आभार. आज खरेदी अधिकाऱ्यांसोबत बसलो. धागा मोबाइलवर वाचून दाखवला (चिपाड यांचे प्रतिसाद वगळून).

ठरलं ते असं. आधी झोनचा (कुठं किती ज्वलनशील वाफ असू शकते त्याचा) नकाशा काढायचा. आमच्याकडं जो आहे तो जुन्या प्लँटचा, मॉलेक्युलर सिव्ह त्यात नाहीच. नकाशाशिवाय कुठलं हेड कुठं हे मी अंदाजानं लिहीत होतो. कॉलम आणि व्हेपर लाइनवर एफएलपी, टू-बी, टी ४, सभोवताल ६० अंश, एंट्री सगळीकडं एम २०. ग्लँड, धातूची बुचं आणि हेडं एकाच ऑर्डरमध्ये, म्हणजे साइटवर टेफ्लॉनची वेळ येणार नाही. टाक्यांवरच्या ट्रान्समीटरना आयसोलेटर आणि आयए (आयएसचाच एक प्रकार), कारण तिथं कॅलिब्रेशनला वारंवार उघडावं लागतं. गोदामाचे आरटीडी धुळीच्या मार्किंगसह वेगळ्या यादीत. तिसऱ्या कोटेशनवाल्याला कूलिंग टॉवर आणि पाण्याच्या लाइनची हेडं दिली, तिथं त्याचा माल उत्तम आहे.

मास्तर आणि ताई, दोघांचंही ऐकलंय, भांडू नका.

खरेदी अधिकारी शेवटी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं, मी कधी नाही म्हणालो?" आता बोला.

ग्लँडमास्तर

उत्तम. फक्त टाकीवर आज एफएलपी म्हणून वापरात असलेले तेच ट्रान्समीटर उचलून आयए सर्किटला लावू नका. साध्या सप्लायवर चाललेल्या ट्रान्समीटरच्या आतलं संरक्षण शाबूत असेल याची खात्री नसते. त्या जागी नवेच घ्या. हे ताईंच्या बाजूनं बोलतोय, नोंद घ्यावी.

चिंचोळीची_ताई

नोंद घेतली. स्क्रीनशॉटही घेतला.

बार्शी_लाइट

आणि काढलेल्या जुन्या हेडांचं काय करणार?

मळीवाला_मोहोळ

भंगारात. का?

बार्शी_लाइट

भंगारात टाकायच्या आधी प्लेटा काढून घ्या आणि झाकणाच्या आट्यांवर एकेक घण घाला. नाहीतर रंग मारून, तीच प्लेट पुसून, पुढच्या हंगामाला कुठल्यातरी कोटेशनमध्ये तुमचीच हेडं तुम्हाला परत येतील. असं येताना बघितलंय.

मळीवाला_मोहोळ

घण स्टोअरमध्ये आहे. त्याला तीन कोटेशनं लागत नाहीत.